प्रोसेसर टाइमच्या बातम्या छापताना चाइल्ड प्रोसेसचंही विचारा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात हल्ली इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टच्या बातम्या बऱ्याच येतात, वाचून बरं वाटतं, पण त्यात एक वाक्य सारखं भेटतं की विद्यार्थ्यांनी प्रोग्राम असा काही लिहिला की प्रोसेसरचा वेळ दहा पटीने, वीस पटीने कमी झाला आणि आता वीज वाचणार, क्लाउडचं बिल वाचणार, सगळंच वाचणार. मी लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो, त्यावरच घर चालतं, आणि कॉलेजवाले अधूनमधून प्रोजेक्ट कॉम्पिटिशनला जज म्हणून बोलावतात तर तिथेही पोस्टरवर हेच वाक्य सगळ्यात मोठ्या फॉन्टमधे असतं. माझी तक्रार मुलांबद्दल नाहीये. ती बिचारी जो आकडा स्क्रीनवर आला तोच लिहितात. पण तो आकडा बऱ्याचदा फक्त मेन प्रोग्रामचा असतो, त्या प्रोग्रामने ज्या चाइल्ड प्रोसेस, म्हणजे हाताखालचे वेगळे प्रोग्राम, कामाला लावल्या त्यांनी किती प्रोसेसर खाल्ला ते त्यात आलेलंच नसतं, आणि हे गाइड विचारत नाहीत, एक्स्टर्नल विचारत नाहीत आणि आपले बातमीदारही विचारत नाहीत.

एक नमुना सांगतो, कॉलेजचं नाव घेत नाही. सॅटेलाइटच्या इमेजवर काहीतरी प्रोसेसिंग करायचा पायथनचा प्रोग्राम होता. आधी सरळ एका लूपमधे सगळ्या इमेज फिरत होत्या, मग त्यांनी मल्टिप्रोसेसिंगचा पूल लावला, म्हणजे काम आठ वर्कर प्रोसेसना वाटून दिलं. मोजायला पायथनचं प्रोसेस टाइम नावाचं फंक्शन, सुरुवातीला एकदा कॉल आणि शेवटी एकदा, वजाबाकी करायची झालं. जुन्या पद्धतीला साधारण १६० सेकंद, नव्या पद्धतीला ३ सेकंद. पोस्टरवर लिहिलं, प्रोसेसर टाइममधे ९८ टक्के बचत. आता तुम्ही म्हणाल काय बिघडलं, वजाबाकी तर बरोबर आहे. वजाबाकी बरोबरच आहे हो, पण तिथेच शेजारी दुसरं टर्मिनल उघडून टॉप, म्हणजे कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी कमांड, लावायला सांगितलं आणि प्रोग्राम परत चालवला तर वर एकाखाली एक आठ पायथन दिसत होते, प्रत्येक जण शंभर टक्क्याला टेकलेला, लॅपटॉपचा फॅन बोंबलतोय, आणि मूळ प्रोग्राम खाली कुठेतरी शून्याच्या आसपास पडून. मग ते ३ सेकंद कोणाचे? तर त्या मूळ प्रोग्रामचे. त्याने इमेज आठ जणांना वाटल्या, रिझल्ट गोळा केले आणि मधल्या वेळात तो झोपून होता, झोपलेल्या प्रोसेसला प्रोसेसरचा वेळ लागत नाही. प्रोसेस टाइम हे फंक्शन फक्त स्वतःच्या प्रोसेसचं बोलतं, तिच्यातल्या थ्रेड धरून, पण पूलचे वर्कर म्हणजे वेगळ्या प्रोसेस, त्यांच्याबद्दल त्याला काही विचारलेलंच नाही तर ते सांगणार कसं.

म्हटलं ठीक आहे, पायथनमधेच ओएस डॉट टाइम्स आहे ते लाव. त्यात पाच आकडे येतात, आपला युझर टाइम म्हणजे स्वतःच्या कोडचा वेळ, आपला सिस्टिम टाइम म्हणजे कर्नलने, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, आपल्यासाठी घेतलेला वेळ, मग चाइल्डचा युझर, चाइल्डचा सिस्टिम आणि पाचवा घड्याळाचा वेळ. लावलं. तर तिसरा आणि चौथा आकडा शून्य! पोरगा माझ्याकडे बघून हसला, म्हणाला सर बघा, चाइल्डने काहीच घेतलं नाही. आणि इथेच खरी गंमत आहे, हे फंक्शन खोटं बोलत नव्हतं, त्याने विचारलं तेव्हा पूल अजून बंद झाला नव्हता, आठही वर्कर जिवंत होते, नवीन काम येतंय का बघत बसलेले. पूल क्लोज करून जॉइन केला, म्हणजे सगळे वर्कर संपेपर्यंत थांबलं, आणि त्याच्या नंतरच्या ओळीत तोच प्रश्न विचारला तर चाइल्डचे १७५ सेकंदांच्या आसपास आले. म्हणजे एकूण प्रोसेसर टाइम कमी तर नाहीच झाला, थोडा वाढला, आणि ते साहजिक आहे, इमेज इकडून तिकडे पाठवायला पण वेळ लागतोच की. खरी कमाई कुठे होती तर घड्याळाच्या वेळेत, १६५ सेकंदांचं काम २५ सेकंदांत होत होतं आणि ही काही छोटी गोष्ट नाही, मी असतो तर पोस्टरवर तेच लिहिलं असतं. पण माणसं थांबायचा वेळ कमी झाला आणि प्रोसेसरचं काम कमी झालं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वीज वाचल्याचा दावा करायला दुसरी लागते, पहिली चालत नाही.

आता हे असं का, तर युनिक्सचा नियमच तसा आहे आणि तो आजकालचा नाही. एखादी प्रोसेस फोर्क करून नवीन प्रोसेस काढते तेव्हा त्या नव्या प्रोसेसचं मीटर शून्यापासून सुरू होतं. ती चालते, तिचा वेळ तिच्या नावावर जमा होत राहतो. ती संपते तेव्हा लगेच नाहीशी होत नाही, झॉम्बी होऊन पडून राहते, प्रोसेस टेबलमधे तिची एक नोंद राहते आणि त्या नोंदीत तिने किती वेळ घेतला हे असतं. मग पेरेंट, म्हणजे जिने तिला काढलं ती प्रोसेस, वेट हा कॉल करून चाइल्ड संपली का ते कर्नलला विचारते, त्या क्षणी कर्नल त्या चाइल्डचा वेळ उचलून पेरेंटच्या चाइल्डवाल्या खात्यात टाकतो, आणि चाइल्डच्या स्वतःच्या चाइल्डवाल्या खात्यात जे काही असेल तेही त्यात मिळवतो, म्हणजे नातवंडांचा वेळ सुद्धा वर येतो. पण कधी, तर मधल्या प्रत्येकाने आपल्या खालच्याला वेट केलं असेल तरच. साखळीत एकाने जरी वेट केलं नाही तर त्याच्या खालचं सगळं वर यायचं थांबलं. जिवंत चाइल्डचा एक मिलिसेकंदही पेरेंटच्या खात्यात दिसत नाही, मग ती दोन दिवस शंभर टक्क्याने का चालू असेना.

१९७९ च्या सेव्हन्थ एडिशन युनिक्समधे टाइम्स कॉल होता त्यात हेच चार आकडे आहेत, स्वतःचे दोन आणि मुलांचे दोन. तेव्हा ते सेकंदाच्या साठाव्या भागात मिळायचे, म्हणजे अमेरिकेत, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि टिक त्यावरून चालायची. पुढे १९८३ ला फोर पॉइंट टू बीएसडी हे युनिक्स आलं त्यात गेट-आर-युसेज हा कॉल आला, त्याला तुम्ही सेल्फ म्हणून विचारू शकता किंवा चिल्ड्रन म्हणून विचारू शकता, आकडे मायक्रोसेकंदाच्या भाषेत मिळतात. आज लिनक्सवर, मॅकवर वेळ मोजायची बरीचशी साधी टूल शेवटी यातलंच काहीतरी विचारत असतात. लिनक्समधे तर एक जुनी भानगड पण होती, पेरेंटने चाइल्ड संपल्याचा सिग्नल इग्नोर केला असेल तर चाइल्ड वेट न करताच साफ होते, आणि पॉसिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डप्रमाणे अशा चाइल्डचा वेळ धरायचा नाही तरी लिनक्स धरायचा, ते २.६.९ कर्नलमधे दुरुस्त केलं. म्हणजे तोच प्रोग्राम, तेच मशीन, कर्नल बदलला की आकडा बदलला. आणि जाता जाता, गेट-आर-युसेजला चिल्ड्रन म्हणून मेमरी विचारली तर तो बेरीज देत नाही, सगळ्यात मोठ्या चाइल्डचा आकडा देतो, तर पोस्टरवर मेमरी लिहिणाऱ्यांनी तेही बघावं.

बरं, पायथन सोडा, टर्मिनलवर कमांडच्या आधी टाइम लिहायचं आणि रिअल म्हणजे घड्याळाचा वेळ, युझर, सिस अशा तीन ओळी बघायच्या हे तर पहिल्या वर्षाचं पोरगंही करतं. त्या वरच्या प्रोजेक्टला हे लावलं असतं तर बरोबर आकडा आला असता, कारण पूलने आपले वर्कर गोळा केले आणि शेलने, म्हणजे टर्मिनलमधे कमांड घेणाऱ्या प्रोग्रामने, पायथनला गोळा केलं, साखळी पूर्ण. पण ही टाइम कमांड सुद्धा सगळीकडे चालत नाही. बॅश या शेलमधला टाइम हा शेलचाच भाग आहे, त्याच्यापुढे पाइप लावून चार कमांड जोडल्या तर तो चौघांचा मिळून हिशेब देतो. पण युएसआर-बिनमधे टाइम नावाचा एक वेगळा प्रोग्राम असतो, त्याचा पूर्ण पाथ देऊन तीच ओळ चालवली तर तो फक्त पहिल्या कमांडचा हिशेब देतो. म्हणजे कॅटने फाइल वाचायची आणि सॉर्टने ती लावायची असं असेल तर सगळं मरमर काम सॉर्टने केलं आणि रिपोर्टमधे कॅटचे दोन शतांश सेकंद. स्क्रिप्टमधे हे असं बसलेलं मी पाहिलंय आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही आलेलं नाही, कारण आकडा छोटा आला की कोणी शंका घेत नाही, मोठा आला की सगळे घेतात.

याहून वरचढ म्हणजे डॉकर, प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायचं टूल. डॉकर रनच्या आधी टाइम लावून लोक सांगतात की बघा आमचा कंटेनर किती हलका आहे, ०.०५ सेकंद. अहो ते डॉकरच्या क्लायंटचे आहेत! क्लायंटने फक्त डेमनला, म्हणजे मागे सतत चालू असणाऱ्या प्रोग्रामला, निरोप दिला की हे चालव, कंटेनरमधली प्रोसेस क्लायंटची चाइल्ड नसतेच, ती कंटेनरडी नावाच्या दुसऱ्या डेमनच्या शिम या मदतनीस प्रोसेसखाली जन्माला येते, तिचा वेळ तुमच्या शेलपर्यंत यायचा रस्ताच नाही. ग्रेडल या बिल्ड टूलचं तेच, अँड्रॉइड करणाऱ्यांना माहीत असेल, बिल्ड दोन मिनिटं चालतो आणि युझर टाइम दीड सेकंद दाखवतो कारण सगळा बिल्ड मागे चालू असलेल्या डेमनने केला, तो या बिल्डच्या आधीपासून चालू आहे आणि नंतरही असेल. डेटाबेसचं तर बोलायलाच नको, क्वेरी पाठवणारा क्लायंट आरामात आणि घाम सर्व्हरचा. आणि जो प्रोग्राम दोनदा फोर्क करून स्वतःला बॅकग्राउंडला टाकतो त्याचं चाइल्ड अनाथ होऊन पीआयडी एकच्या, म्हणजे मशीनवरच्या पहिल्या प्रोसेसच्या, ओटीत जातं, तिलाच इनिट म्हणतात, मग त्याला गोळा करतो तो इनिट, आणि वेळ जमा होतो इनिटच्या खात्यावर. तुमच्या टाइम कमांडला रिअल शून्य, युझर शून्य, सिस शून्य. एखाद्याने मुद्दाम फसवायचं ठरवलं तर पाच ओळींत फसवता येतं.

आणि मुद्दाम फसवणारे असतात हे मी उगाच नाही म्हणत. कोडिंग कॉन्टेस्टमधे टाइम लिमिट असतं, २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर बाद. हे लिमिट लावायचा सोपा मार्ग म्हणजे युलिमिट डॅश टी, म्हणजे आरलिमिट सीपीयू, प्रोसेसने ठरलेला वेळ खाल्ला की कर्नल तिला सिग्नल पाठवतो आणि हार्ड लिमिट ओलांडली की मारूनच टाकतो. कॉलेजच्या लॅबमधे घरगुती जज, म्हणजे उत्तरं तपासणारा प्रोग्राम, बनवतात त्यात हेच असतं. पण हे लिमिट प्रत्येक प्रोसेसला वेगळं आहे. फोर्क केला की लिमिट वारशाने तीच मिळते पण मीटर परत शून्य! म्हणजे हुशार पोरगा १.९ सेकंद झाले की फोर्क करतो, चाइल्ड पुढचं काम करतं, परत १.९ झाले की परत फोर्क. ऑलिम्पियाडवाल्यांना हे कधीच कळून चुकलंय, तिथे वापरतात तो आयसोलेट नावाचा सँडबॉक्स, म्हणजे परका प्रोग्राम कोंडून चालवायचं टूल, मार्टिन मारेश आणि बर्नार्ड ब्लॅकहॅम यांनी केलेला, २०१२ च्या सुमाराचा, त्यात प्रोसेसची संख्याच बांधून टाकता येते आणि एकापेक्षा जास्त प्रोसेस चालू द्यायच्या असतील तर त्यांना सगळ्यांना मिळून एका कंट्रोल ग्रुपमधे कोंडता येतं. हा सँडबॉक्स फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि तरी आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधीच्या टेस्ट युलिमिटवर चालवायच्या म्हणजे जरा अतीच झालं.

हा कंट्रोल ग्रुप म्हणजे सी-ग्रुप, यावर मला दोन शब्द जास्त लिहू द्या कारण उत्तर तिथेच आहे. गूगलमधे पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मधे हे काम सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत २.६.२४ कर्नलमधे ते सगळ्यांना मिळालं. कल्पना अशी की प्रोसेसना एका गटात टाकायचं, गटातल्या प्रोसेसने फोर्क केला की चाइल्ड आपोआप त्याच गटात जन्माला येतं, आणि रूटने परवानगी दिल्याशिवाय ते गटाबाहेर जाऊ शकत नाही. मग पेरेंटने वेट करो न करो, चाइल्ड जिवंत असो मेलेलं असो झॉम्बी असो, अनाथ होऊन इनिटकडे गेलेलं असो, वेळ गटाच्या खात्यात पडतोच, त्याच क्षणी पडतो. नवीन व्हर्जनमधे गटाच्या फोल्डरमधे सीपीयू डॉट स्टॅट नावाची फाइल असते, ती कॅट केली की पहिल्याच ओळीत एकूण मायक्रोसेकंद, पुढच्या ओळींत युझर किती आणि सिस्टिम किती. कोणाला विचारायला नको, कोडला हात लावायला नको. आणि फोल्डर बनवायचाही कंटाळा असेल तर आजच्या लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोमधे सर्व्हिस चालू-बंद करणारी सिस्टिमडी आहेच, सिस्टिमडी-रन लिहायचं, डबल डॅश वेट द्यायचं, पुढे आपली कमांड. कमांड संपली की ते स्वतःच लिहून देतं की सर्व्हिस किती वेळ चालली आणि सीपीयू टाइम किती खाल्ला, आणि ही दुसरी ओळ सगळ्या गोतावळ्याची असते. कंटेनरचं पण तसंच, डॉकरने प्रत्येक कंटेनरला सी-ग्रुप दिलेलाच असतो, तिथली फाइल वाचा की. पर्फ स्टॅट हे मोजमापाचं टूल पण चालतं, ते फोर्क झालेल्या प्रोसेस आपणहून धरतं, नको असेल तर सांगावं लागतं.

सी-ग्रुप म्हणजे परमसत्य असंही नाही. प्रोसेसरचा वेळ कर्नल मोजतो कसा याचीच एक मोठी गोष्ट आहे. पूर्वी, आणि पूर्वी म्हणजे फार पूर्वी नाही, टिकवर मोजायचे, सेकंदाला १०० किंवा २५० किंवा १००० वेळा टायमर वाजणार आणि वाजला तेव्हा जो प्रोसेसरवर बसलेला दिसेल त्याच्या नावावर अख्खी टिक. रोजगार हमीवर ठरलेल्या वेळी हजेरी घेणारा मुकादम असतो तसं, मुकादम यायच्या मिनिटभर आधी जो झाडाखाली जाऊन बसतो त्याची हजेरी लागत नाही, इथे फरक एवढाच की इथे हजेरी लागू नये हेच लबाडाला हवं असतं. डॅन त्सफ्रीर, योआव एत्सिऑन आणि ड्रोर फायटेलसन या तिघांनी २००७ मधे हे दाखवून दिलं, साध्या युझरचा प्रोग्राम, रूट नाही काही नाही, टिक वाजायच्या आत झोपतो आणि वाजल्यावर उठतो, जवळजवळ सगळा प्रोसेसर खातो आणि टॉपमधे दिसतो शून्य टक्के. त्याच वर्षी लिनक्समधे नवीन शेड्युलर, म्हणजे प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा ते ठरवणारा भाग, आला तो नॅनोसेकंदाने मोजतो त्यामुळे आता एकूण बेरीज चोख येते, पण त्यातले युझर किती आणि सिस्टिम किती ही वाटणी बऱ्याच मशीनवर अजूनही टिकच्या अंदाजानेच होते. म्हणून कोणी सिस टाइम १२ टक्क्यांनी कमी केला म्हणून टाळ्या मागत असेल तर मी टाळ्या जरा जपून वाजवतो.

शिवाय सेकंद सगळे सारखे नसतात. हायपरथ्रेडिंगमधे एका कोअरवर दोन जण बसतात, दोघांच्याही नावावर पूर्ण सेकंद पडतो पण काम पूर्ण सेकंदाचं होत नाही, आणि क्लाउडवर जो व्हीसीपीयू म्हणून विकतात तो बऱ्याच ठिकाणी असाच अर्धा कोअर असतो. लॅपटॉप तापला की फ्रिक्वेन्सी उतरते, तोच प्रोग्राम जास्त सेकंद घेतो. वीज वाचल्याचं म्हणायचं असेल तर वीजच मोजा ना, इंटेलच्या चिपमधे २०११ च्या सँडी ब्रिजपासून एनर्जीचा काउंटर आहे, लिनक्सवर वाचता येतो. सीपीयू सेकंदावरून विजेचा अंदाज बांधायचा आणि तोही चाइल्ड न धरता, म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास.

पैशाची बाजू पण बघा. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ ला सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर आला तेव्हापासून आपल्याकडे मशीनचा वेळ ही जपून वापरायची चीज आहे, आणि पुण्याला तर हे सांगायलाच नको, १९९१ ला सी-डॅकने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर इथेच उभा केला आणि २०२४ ला पाषाणला आयआयटीएम या हवामान संस्थेत अर्क हा सुपरकॉम्प्युटर आला. मोठ्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक मशीनवर, आज बऱ्याच ठिकाणी लोकांच्या जॉबना कोअर वाटून देणारा स्लर्म असतो. त्याच्या हिशेबात सीपीयू टाइम म्हणून एक कॉलम आहे, वाटतं की प्रोग्रामने खाल्लेला वेळ असेल, पण तो असतो घड्याळाचा वेळ गुणिले तुम्ही मागितलेले कोअर. ४८ कोअर मागितले आणि प्रोग्राम एकाच कोअरवर तासभर चालला तरी ४८ तास. आणि दुसरा एक कॉलम आहे टोटल सीपीयू, त्याच्याबद्दल स्लर्मच्या मॅन्युअलमधेच स्पष्ट लिहिलंय की हा आकडा टास्कच्या पेरेंट प्रोसेसचा आहे, चाइल्ड प्रोसेसचा वेळ यात नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना पीएचडीवाली मंडळी हे दोन कॉलम भागून एफिशिअन्सी काढतात आणि ती ४ टक्के आली की अ‍ॅडमिनला मेल, सर मशीन स्लो आहे. मशीन स्लो नाहीये हो, तुमच्या शेल स्क्रिप्टने जे काम बाहेर सोडलं ते आकड्यात आलंच नाही किंवा ४८ मागून २ वापरले, दोन्हीपैकी काय ते आधी बघा. हे बघायला पाच मिनिटं लागतात, मेल लिहायला दहा.

तेव्हा संपादक साहेब, आपल्याकडे मागणं असं आहे की पुढच्या वेळी असा आकडा बातमीत यायच्या आधी बातमीदाराने फोनवर एवढं विचारावं की हा वेळ घड्याळाचा का प्रोसेसरचा, प्रोसेसरचा असेल तर चाइल्ड धरून का न धरता, आणि कशाने मोजला. उत्तर आलं तर तेही एका ओळीत छापावं, आठ कोअरवर, चाइल्ड धरून, सी-ग्रुपने, बास. उत्तर आलं नाही तर पटीचा आकडा गाळून बाकीची बातमी खुशाल छापावी, मुलांचं काम त्याने लहान होत नाही. आणि कॉलेजांनी लॅब मॅन्युअलमधे ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला फोर्क आणि वेट शिकवतात तिथेच, त्याच तासाला, गेट-आर-युसेज दोनदा छापून दाखवावा, एकदा वेटच्या आधी आणि एकदा नंतर. तीन ओळी जास्त लागतात. आत्ताची पद्धत अशी आहे की झॉम्बीची व्याख्या जर्नलमधे लिहून घेतात, ओरलला विचारतात, आणि त्या झॉम्बीकडे हिशेबाचा कागद असतो हे कोणी सांगतच नाही.

कळावे,
आपला एक जुना वाचक, पुणे

ता. क. लॅबमधे विंडोज असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे मेलेल्या चाइल्डचा वेळ पेरेंटच्या खात्यात येतच नाही, पायथनचं ओएस डॉट टाइम्स चाइल्डच्या जागी कायम शून्य छापतं, जॉइन करा नाहीतर काहीही करा. तिथे विंडोज २००० पासून जॉब ऑब्जेक्ट नावाची सोय आहे, प्रोसेस सुरू करतानाच जॉबमधे टाकायची, तिची पिल्लं आपोआप त्याच जॉबमधे येतात आणि शेवटी जॉबला विचारलं की एकूण युझर आणि कर्नल टाइम मिळतो. कॉम्पिटिशनमधे अर्ध्या टीम विंडोजवर आणि अर्ध्या उबंटूवर असतात आणि आम्हा जजकडे दोघांचे आकडे एकाच तक्त्यात येतात, तर निदान आयोजकांनी सगळ्यांना एकाच मशीनवर चालवायला लावावं.